लेन्सची डबी नळाखाली धुतली तर चालते का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. नंबर मायनस साडेचार, आठ महिने झाले महिन्याला बदलायच्या मंथली सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स वापरतेस, हिंजवडीत पीजीमध्ये तिघीजणी राहता, लेन्सची डबी रोज बेसिनच्या नळाखाली घासून धुतेस, डबीत कालचं सोल्युशन (लेन्स बुडवून ठेवायचं, जंतू मारणारं द्रव) उरलं असेल तर त्यातच वरून थोडं ओततेस, गावी येताना स्लीपर बसमध्ये तीन-चार वेळा लेन्स लावूनच झोपलीस, आणि मागच्या महिन्यात एक लेन्स वरच्या पापणीत गेली ती सापडेना म्हणून रात्री दोनपर्यंत रडत बसलीस. आणि शेवटी विचारलंयस की आजपर्यंत काही झालेलं नाही, मग हे सगळं चालतं ना? मी २३ वर्षं ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून, म्हणजे डोळ्यांचा नंबर तपासून चष्मा-लेन्स देण्याचं काम करतेय, त्यातली बरीचशी सांगलीत, आणि "आजपर्यंत काही झालेलं नाही" हे वाक्य मी पार बिघडलेला डोळा घेऊन आलेल्या लोकांच्या तोंडूनसुद्धा ऐकलंय, म्हणून जरा लांबच लिहिते. माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे, त्यामुळे तुला तू म्हणते.

आधी पाण्याचं बोलू कारण बाकी सगळ्यापेक्षा मला त्याची काळजी जास्त वाटली. आपल्याकडे पाणी म्हणजेच स्वच्छता, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. पेला विसळला की स्वच्छ झाला, बाहेरून आलं की हातपाय धुवायचे, डोळ्यांवर पाण्याचे सपके मारायचे, आई-आजीनं हेच शिकवलेलं असतं आणि ते चूक नाहीच. पण लेन्सच्या बाबतीत नेमकी हीच सवय उलटते. माझा अनुभव असा की गबाळ्या मुलामुलींपेक्षा टापटीप मुली पाण्याची चूक जास्त करतात, कारण त्यांना ती डबी न धुता ठेवणं सहनच होत नाही. तू रोज घासून धुतेस ना, ते स्वच्छतेच्या ओढीनंच करतेस हे मला कळतंय, पण आजपासून ते पूर्ण बंद कर.

कारण सांगते. नळाच्या पाण्यात, बोअरच्या पाण्यात, टँकरच्या पाण्यात, सोसायटीच्या टाकीच्या तळाला जो गाळ बसतो त्यात, विहिरीत, स्विमिंग पूलमध्ये, सगळीकडे अकँथामीबा नावाचा एक अमीबा राहतो. डोळ्यांना दिसत नाही, पोटात गेला तरी सहसा काही करत नाही, म्हणून पिण्याच्या पाण्याबाबत आपण त्याचा विचार करत नाही. त्याला परिस्थिती प्रतिकूल वाटली की तो स्वतःभोवती जाड कवच करून गप्प पडून राहतो, आणि त्या कवचावर नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा काही परिणाम होत नाही. आता हे पाणी डबीत राहिलं, डबीच्या आतल्या बाजूला जंतूंचा बुळबुळीत पातळ थर असतोच, तो या अमीबाचं खाणं, आणि तिथून लेन्सला चिकटून तो डोळ्यावर जाऊन बसतो. लेन्समुळे बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, कुठेतरी बारीक खरवडलेलं असेल तर आत शिरायला तेवढी फट त्याला पुरते. हे लेन्सवाल्यांनाच होतं असंही नाही, आमच्या भागात शेतात काम करताना डोळ्यात चिखल उडाला, गढूळ पाणी गेलं तरी होतं, पण तुझ्यासारख्या ऑफिसात बसणाऱ्या मुलीच्या डोळ्यापर्यंत तो पोचतो तो बहुधा या डबीतूनच.

एक मुलगी होती, नाव-गाव काही सांगत नाही, तुझ्यासारखीच डबी रोज नळाखाली धुणारी. आधी डोळा नुसता लाल झाला, मग उजेड सहन होईना, आणि दुखणं एवढं की वरून बघणाऱ्याला वाटावं एवढ्याशा लालीला इतकं का रडतेय. या अमीबाची खूण हीच असते, डोळा दिसतो त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखतो. सुरुवातीला ते नागिणीच्या जातीच्या व्हायरसचं इन्फेक्शन समजलं गेलं, असा घोळ यात बऱ्याचदा होतो कारण दोन्ही दिसायला सारखी असतात, त्यात काही आठवडे गेले. पुढे निदान झाल्यावर पहिले काही दिवस दर तासाला ड्रॉप्स, रात्रीसुद्धा, आई गजर लावून उठायची. औषध महिनोन्‌महिने चाललं. डोळा वाचला पण बुबुळावर फूल पडलं, आणि त्या डोळ्यानं आता तिला लांबचं धुरकट दिसतं. मी तिची लेन्स फिट केली होती, डबी नळाखाली धुवायची नाही हे मी तिला सांगितलं होतं, पण एका वाक्यात सांगितलं होतं, का ते सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी कुणालाही लेन्स देताना अर्धा तास फक्त पाण्यावर बोलते.

आणि उकळून गार केलेलं पाणी, फिल्टरचं पाणी, आरओचं, बिसलरी, घरी मीठ घालून केलेलं पाणी, यातलं काहीही चालत नाही. अमेरिकेत १९८०च्या दशकात या अमीबाच्या केसेस एकदम वाढल्या तेव्हा लक्षात आलं की त्यातले बरेच लोक मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून घरीच सलाईन करत होते. थुंकी लावून लेन्स ओली करणारे लोकही मी पाहिलेत, ते तर अजिबातच नको, तोंडात किती जंतू असतात.

हे एवढं का, तर सॉफ्ट लेन्स ही काच नाहीच, ओला स्पंज आहे असं समज. ओटो विख्टर्ले नावाच्या झेक शास्त्रज्ञानं १९६१च्या ख्रिसमसला घरच्या टेबलावर मुलाचा मेकॅनोसारखा खेळ आणि सायकलचा डायनामो जोडून एक यंत्र केलं आणि त्यावर पहिल्या कामाच्या सॉफ्ट लेन्स बनवल्या, मला ही गोष्ट फार आवडते. त्यानं वापरलेलं प्लॅस्टिक पाणी पिऊन मऊ होणारं होतं. त्या जातीच्या लेन्समध्ये आजही साधारण ३८ टक्के पाणी असतं, काहींमध्ये ५५-६०सुद्धा. १९९९पासून सिलिकॉन हायड्रोजेल आल्या, त्यातून ऑक्सिजन खूप जास्त जातो, तुझ्या बहुतेक त्याच असतील. पण जात कुठलीही असो, लेन्स तिच्या भोवती जे असेल ते शोषून घेते. सोल्युशन शोषते तसं नळाचं पाणीही, हातावरचं क्रीमही, तिखटही, डोळ्यात घातलेलं गुलाबपाणीही. वर साध्या पाण्यात ती फुगते, आकार बदलतो आणि डोळ्याला घट्ट चिकटून बसते.

म्हणून आंघोळीच्या आधी लेन्स लावायची नाही, आंघोळ झाल्यावर लावायची. ऑफिसातून आल्यावर तोंडावर सपके मारायची सवय असेल तर आधी लेन्स काढ आणि मग मार. पावसात भिजलीस, भुशी डॅमला किंवा कुठल्या धबधब्याखाली गेलीस, पोहायला गेलीस, तर त्या दिवशी चष्मा. पोहायचा नाद असेल तर नंबरचे स्विमिंग गॉगल मिळतात ते घे, अगदीच लेन्सशिवाय जमणार नसेल तर डेली लेन्स, म्हणजे एक दिवस वापरून टाकायची, आणि वर घट्ट गॉगल, आणि बाहेर आल्या आल्या ती लेन्स कचऱ्यात.

आता डबी धुवायची कशानं, तर सोल्युशननं. सकाळी लेन्स लावून झाली की डबीतलं सगळं सोल्युशन ओतून टाकायचं, एक थेंबही ठेवायचा नाही, ताजं सोल्युशन थोडं घालून धुतलेल्या बोटानं आतून घासायचं (तो बुळबुळीत थर नुसत्या विसळण्यानं निघत नाही, घासावाच लागतो), ओतून टाकायचं, कोऱ्या टिश्यूनं पुसायचं आणि डबी व झाकणं टिश्यूवर पालथी घालून उघडी वाळू द्यायची. बाथरूममध्ये नाही. पीजीतल्या बाथरूममध्ये कमोड आणि बेसिन हातभर अंतरावर असतात, फ्लश केल्यावर उडणारे बारीक तुषार कुठे कुठे जातात ते दिसत नाही, शिवाय तिथे कायम दमट. तुझ्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेव. डबी जास्तीत जास्त तीन महिने, मी तर म्हणते सोल्युशनच्या प्रत्येक नव्या बाटलीबरोबर बहुतेक वेळा नवी डबी येतेच, ती वापरायला काढ आणि जुनी टाकून दे. लोक नवी डबी खोक्यातच ठेवून देतात आणि वर्षभर तीच जुनी वापरतात, का ते मला आजवर कळलेलं नाही.

उरलेल्या सोल्युशनमध्ये भर घालणं, हे तुझं दुसरं. सोल्युशनमधलं जंतू मारणारं औषध रात्रभर काम करून संपत आलेलं असतं, आणि डबीत जे काही लेन्सवरून उतरलंय ते त्यात असतं. त्यात नवीन ओतलं की नवीन सोल्युशनही पातळ झालं. रात्री भांड्यातलं खरकटं पाणी तसंच ठेवून सकाळी त्यातच ताट धुतलं तर आपल्याला किळस येईल ना, तसंच हे. २००६ साली एका मोठ्या कंपनीचं सोल्युशन जगभरातून परत मागवावं लागलं होतं, फ्युजेरियम नावाच्या बुरशीनं अमेरिका, सिंगापूर, हाँगकाँगमध्ये लेन्सवाल्यांच्या कॉर्नियाला इन्फेक्शन झाली म्हणून. त्यात त्या सोल्युशनचा दोष होताच पण डबीत जुनंच ठेवून वर भर घालण्याच्या सवयीचंही नाव पुढे आलं. बाटली महाग असते हे मान्य आहे, पगारातून पीजीचं भाडं जाऊन किती उरतं तेही माहिती आहे, पण काटकसर करायची ती इथे नको.

बाटलीचंही बघ. वर छापलेली एक्सपायरी सीलबंद बाटलीची असते. उघडल्यावर बहुतेक सोल्युशन ९० दिवस चालतात, काही त्याहून कमी, ते लेबलवर लिहिलेलं असतं. उघडल्या दिवशी मार्करनं बाटलीवर तारीख टाकायची. नोझल कशालाच टेकवायचं नाही, बोटालाही नाही आणि डबीलाही नाही. ट्रेकला जाताना छोट्या बाटलीत काढून न्यायचं नाही, कारण ती छोटी बाटली निर्जंतुक नसते, प्रवासाची छोटी बाटली कंपनीचीच विकत मिळते. आणि मेडिकलवाल्यानं सलाईन दिलं तर ते सोल्युशन नव्हे, सलाईननं लेन्स विसळता येते पण त्यात जंतू मरत नाहीत, रात्रभर त्यात ठेवून काही उपयोग नाही. तुझी मैत्रीण जे लाल टोपणाचं वापरते म्हणालीस ते बहुधा हायड्रोजन पेरॉक्साईड आहे, ३ टक्क्यांचं. चांगलं असतं, अ‍ॅलर्जीवाल्यांना मी तेच देते, पण ते त्याच्याच उभ्या डबीत, ज्यात प्लॅटिनमची छोटी चकती असते, किमान सहा तास ठेवून निष्प्रभ व्हायला लागतं. घाईत तिची बाटली घेऊन लेन्स त्यानं विसळून डोळ्यात घातलीस तर डोळा इतका जळेल की विचारू नकोस. तिघींच्या बाटल्या एकाच फळीवर असतील तर वेगवेगळ्या ठेवा, आजच.

लेन्स काढल्यावर तळहातावर ठेवून सोल्युशनचे काही थेंब, बोटाच्या गादीनं दोन्ही बाजूंनी हलकं चोळायचं, १०-२० सेकंद, मग सोल्युशननं विसळायचं, मग ताज्या सोल्युशनमध्ये बुडवून ठेवायचं, लेबलवर चार तास किंवा सहा तास जे लिहिलं असेल तेवढं तरी. बाटलीवर चोळायची गरज नाही असं छापलेलं असलं तरी चोळ. अश्रूंतलं प्रोटीन, काजळाचे कण, जंतू यातलं बरंचसं चोळण्यानंच निघतं, भिजवणं हे त्यानंतरचं काम. आठवडाभर लेन्स लावल्या नाहीत आणि डबीत तशाच पडून असतील तर लावण्याआधी सोल्युशन बदलून परत पूर्ण वेळ भिजव. खाली पडली तर बोटावर उचलून फुंकर मारून डोळ्यात घालायची नाही. बेसिनमध्ये किंवा फरशीवर पडलेली मंथली लेन्स सोल्युशननं चोळून, विसळून, पूर्ण वेळ भिजवून मगच, आणि त्या दिवशी चष्मा. डेली पडली तर टाकून दे. सुकून कडक झालेली असेल तर कुठलीही असो, टाकून दे, भिजवल्यावर परत मऊ झाली तरी कडा चिरलेल्या असू शकतात.

हात. साधा साबण, ज्यात मॉइश्चरायझर, तेल, फार सुगंध नाही असा. पाण्यानं हात धुवायचेच, फक्त ओल्या हातानं लेन्सला शिवायचं नाही, नीट कोरडे करायचे, आणि झुबकेदार टर्किश टॉवेलनं नाही, त्याचे तंतू बोटाला लागतात आणि लेन्सखाली जाऊन दिवसभर खुपतात. बऱ्याचदा धुऊन मऊ झालेला सुती रुमाल सगळ्यात चांगला, मी घरी जुन्या साडीचे चौकोन कापून ठेवलेत आणि ते रोज धुते. नखं बोटाच्या टोकाच्या बाहेर आली की लेन्स चिरते, कधीकधी कॉर्नियाही.

आणि मिरची! ठेचा करून, मिरच्या चिरून, मटणाचा मसाला वाटून तू साबणानं तीनदा हात धुतलेस तरी तिखट कातडीत राहतं, कारण ते पाण्यात नव्हे तेलात विरघळतं. मग रात्री लेन्स काढताना डोळ्यात जाळ, आणि लेन्सनं ते शोषलं की दुसऱ्या दिवशी परत जाळ. उपाय साधा, मिरची हातात घेण्याआधी लेन्स काढ आणि चष्मा लाव, नाहीतर हातमोजे घाल. आधीच झालं असेल तर बोटांना गोडं तेल चोळ, मग भांड्याच्या साबणानं धू, मग साध्या साबणानं. लेन्सला तिखट लागलंच तर ती जोडी गेली असं समज.

लेन्स उलटी आहे का ते कसं ओळखायचं हे तू विचारलंयस. बोटाच्या टोकावर ठेवून डोळ्याच्या पातळीला धर आणि बाजूनं बघ. वाटीसारखी सरळ उभी कड दिसली तर बरोबर, बशीसारखी कड बाहेर फाकलेली दिसली तर उलटी. काही लेन्सवर बारीक १२३ असे आकडे असतात, ते सरळ वाचता आले की सुलट. उलटी लावली तर काही मोठं नुकसान होत नाही, फक्त खुपते आणि पापणी मिटली की सरकते, काढून सोल्युशननं विसळून परत लाव. नेहमी उजव्यापासून सुरुवात कर, लावतानाही आणि काढतानाही, म्हणजे डाव्याची उजव्यात जाणार नाही. बेसिनवर उभी राहून नको, टेबलावर आरसा आडवा ठेव, खाली पांढरा कागद, खुर्चीवर बसून. वरची पापणी अगदी केसांच्या मुळापाशी धरली तर ती फडफडत नाही, नवशिक्यांचं निम्मं अडतं ते पापणी मधे धरतात म्हणून. काढताना वर बघायचं, बोटानं लेन्स खाली पांढऱ्या भागावर सरकवायची आणि तिथे दोन बोटांच्या गाद्यांनी हलकी चिमटायची, बुबुळावर असताना चिमटायची नाही.

पापणीत गेलेल्या लेन्सचं आता. डोळ्याच्या मागे लेन्स जाऊ शकत नाही, हे आधी मनावर पक्कं कर. पापणीच्या आतलं अस्तर वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागाला जोडलेलं असतं, खिसा आतून शिवलेला असतो तसं, त्यापुढे वाटच नाही. ती वरच्या घडीत दुमडून बसते. लेन्स ओली करायचे ड्रॉप्स दोन-तीन घाल, डोळा मिट, पापणीवरून बोटानं हळूच खाली खाली कुरवाळ, खाली बघ, बऱ्याचदा आपसूक कोपऱ्यात येते. सुकून चिकटली असेल तर ओढायची नाही, ड्रॉप्स घालून पाच-दहा मिनिटं थांबायचं, ती परत हलायला लागली की काढायची. नाही निघाली तर सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, एका मिनिटाचं काम आहे. पण सापडली नाही तर कुठेतरी पडली असेल असं म्हणून सोडून द्यायचं नाही. २०१७ साली ब्रिटनमधल्या एका ६७ वर्षांच्या बाईंची केस छापून आली होती, मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांच्या एका डोळ्यात २७ लेन्स निघाल्या, बऱ्याचशा एकावर एक चिकटलेल्या, आणि त्यांना वाटत होतं की वयामुळे डोळे कोरडे पडलेत म्हणून खुपतं.

स्लीपर बस. कॉर्नियामध्ये रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर तो पारदर्शक असतो, आणि त्याला ऑक्सिजन मिळतो तो मुख्यतः समोरच्या हवेतून. हवेत साधारण २१ टक्के ऑक्सिजन, डोळा मिटला की पापणीच्या आतल्या बाजूनं मिळतो तो साधारण ८ टक्के. त्यात मधे लेन्स, म्हणजे अजून कमी. कॉर्निया रात्रभर गुदमरतो, सुजतो, वरचा थर कमकुवत होतो. शिवाय पापण्या उघडझाप करत नाहीत म्हणजे अश्रू फिरत नाहीत आणि लेन्सखाली जे जंतू अडकले ते तिथेच मुक्कामाला. लेन्स लावून झोपणाऱ्यांना कॉर्नियाच्या इन्फेक्शनचा धोका सहा ते आठ पट असतो, कधीतरी एखाद्या रात्री झोपलं तरी. स्युडोमोनास नावाचा जो जंतू लेन्सवाल्यांमध्ये सगळ्यात जास्त सापडतो तो तर दिवस-दोन दिवसांत कॉर्निया विरघळवू शकतो. बसमध्ये लेन्स काढायला हात धुवायची सोय नसते हे तुझं म्हणणं खरं आहे, म्हणून बसमध्ये चढायच्या आधीच, पीजीवरच, काढायची आणि चष्मा लावून निघायचं. ट्रेकलाही तेच, गडावर मुक्काम असेल तर चष्मा, किंवा डेली लेन्सच्या दोन-तीन जोड्या. दुपारी ऑफिसातून येऊन लेन्ससकट तास-दीड तास पडणं हेही झोपणंच आहे. चुकून डोळा लागलाच तर उठल्या उठल्या ओढून काढू नकोस, ड्रॉप्स घाल, थोडा वेळ जाऊ दे, मग काढ आणि त्या दिवशी परत लावू नकोस.

लाल डोळ्याबद्दल तू फार जाता जाता लिहिलंयस, "कधीकधी लाल होतो, मेडिकलमधून ड्रॉप्स आणते, उतरतो." हे वाचून मला धस्स झालं. मेडिकलवाला लाल डोळ्याला जे ड्रॉप्स देतो त्यात बऱ्याचदा डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड असतं. त्यानं लाली पटकन उतरते आणि आपल्याला बरं वाटतं, पण आत बुरशी किंवा अमीबा असेल तर त्याला मोकळं रान मिळतं. लेन्स वापरणाऱ्या माणसानं स्टिरॉइडचे ड्रॉप्स डॉक्टरनं तपासल्याशिवाय कधी म्हणजे कधीच घालायचे नाहीत. डोळा लाल झाला, दुखायला लागला, उजेड सहन होईना, धुरकट दिसायला लागलं, चिपडं यायला लागली, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, यातलं काहीही झालं की लेन्स दोन्ही डोळ्यांतल्या काढायच्या आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, सोमवारची वाट बघायची नाही. लेन्स टाकून देऊ नको, डबीत घालून डबी आणि बाटली दोन्ही बरोबर ने, गरज पडली तर त्यातलं तपासायला पाठवतात आणि जंतू कुठला ते कळतं. डोळ्यावर पट्टी बांधू नकोस. घरातून मध, गुलाबपाणी, कुणाच्या आईचं दूध वगैरे सुचवलं जाईल, त्यातलं काहीही घालू नको. साथीचे डोळे आले असतील तरी लेन्स बंद, आणि बरं झाल्यावर नवी जोडी, नवी डबी.

मंथलीचा अर्थ पाकीट उघडल्यापासून एक महिना, ३० वेळा लावणं नव्हे. तू आठवड्यातून तीन दिवस लावतेस, म्हणून एक जोडी दोन-अडीच महिने चालवतेस असं लिहिलंयस, तुझ्यासारख्यांसाठी डेली बऱ्या. सकाळी नवी, रात्री कचऱ्यात, डबी नाही, सोल्युशन नाही, म्हणजे वर लिहिलेल्या निम्म्या कटकटी आपोआप गेल्या. आठवड्यातून दोन-तीन दिवस वापर असेल तर सोल्युशनचा खर्च धरून हिशोब कर, वाटतो तितका फरक पडत नाही. ऑनलाइन मागवताना चष्म्याचा नंबर टाकू नकोस. चष्मा डोळ्यापासून थोडा लांब असतो, लेन्स डोळ्यावरच, त्यामुळे चारच्या पुढे नंबर बदलतो, तुझ्या मायनस साडेचारला लेन्स साधारण मायनस सव्वाचारची लागते. आणि नंबर जुळला तरी लेन्सची गोलाई आणि रुंदी डोळ्याला बसली पाहिजे, पापणी मिटली की ती किंचित हलायला हवी, ते स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रातून, बघूनच कळतं. कंपनी बदलायची तरी एकदा दाखवून घे.

मेकअप असेल तर आधी लेन्स मग मेकअप, रात्री आधी लेन्स काढायची मग मेकअप. काजळ पापणीच्या आतल्या कडेला भरू नको, तिथे तेलाच्या ग्रंथींची तोंडं असतात आणि काजळ थेट लेन्सवर उतरतं. होळी-रंगपंचमीला आणि गणपतीच्या मिरवणुकीत गुलाल असेल तिथे चष्माच. बहिणीच्या लग्नात तिघीजणी मिळून एक रंगीत लेन्सची जोडी वापरणार आहात म्हणालीस, ते कृपा करून करू नका. कुणाचीही लेन्स कुणाच्याही डोळ्यात नको, धुतली तरी नको. हवीच असेल तर प्रत्येकीनं मोजून घेऊन आपापली डेली घ्या.

आता तू काय करायचं ते. डबी, चालू जोडी आणि ती उघडलेली बाटली वापरणं आज रात्रीच बंद कर. कचऱ्यात मात्र घालू नकोस, एका पिशवीत बाजूला ठेव आणि डोळे तपासायला जाशील तेव्हा पिशवी बरोबर ने. मेडिकलमधून आणलेले ते ड्रॉप्सही ने, त्यावरचं नाव डॉक्टरांना वाचू दे. या आठवड्यातच जा, दुखत नसलं तरी जा. तोपर्यंत चष्मा. तू लिहिलंयस की चष्मा दोन वर्षांपूर्वीचा आहे, नंबर कमी पडतो, एक काडी सैल आहे, म्हणून लावावासा वाटत नाही. माझ्याकडे लेन्स लावून झोपणारे, लाल डोळ्यावर लेन्स चढवणारे जे येतात त्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारते की चष्मा कसा आहे, आणि उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. तपासायला जाशील तेव्हा नवा नंबर काढून घे आणि तुला आरशात आवडेल अशी फ्रेम घे, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.